तेरचं लामतुरे म्युझियम बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरला जायचं कोणाचं ठरलं की प्रश्न यायला लागतात, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक तेच असतात. बस मिळेल का, किती वेळ लागेल, तिथली हस्तिदंती बाहुली खरंच इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या बाहुलीसारखी आहे का, शेतात सापडलेला मणी ठेवला तर चालतो का. म्हणून सगळे एकाच ठिकाणी लिहून काढलेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात, आणि एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. तेर नक्की कुठे आहे आणि जायचं कसं?

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे आधीचा उस्मानाबाद जिल्हा, तेरणा नदीच्या काठावर. धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटर, आणि सोलापूरहून येणार असाल तर सोलापूर ते धाराशिव साधारण 70 किलोमीटर धरा. लातूरकडून येणाऱ्यांना ढोकीवरून जवळ पडतं. धाराशिवच्या स्टँडवरून एसटी असते, पण परतीची गाडी किती वाजता आहे हे उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून घ्या, कारण संध्याकाळी गावातून बाहेर पडायचं म्हटलं की पंचाईत होते. चार-पाच जण असाल तर धाराशिवहून गाडी करून गेलेलं बरं, कारण म्युझियमशिवाय देवळं आणि नदीकाठही बघायचाय (प्रश्न 3 बघा).

2. वेळ काय असते, सुट्टी कधी, तिकीट किती?

हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं म्युझियम आहे आणि या खात्याची म्युझियमं सोमवारी बंद असतात, सरकारी सुट्टीलाही बंद. म्हणजे रविवारी तुळजापूर करून सोमवारी तेर असा प्लॅन केला तर दाराला कुलूप दिसणार, आणि हा प्लॅन खूप लोक करतात. उघडं ऑफिसच्या वेळेत, त्यामुळे सकाळी साडेदहा-अकरापर्यंत पोचा म्हणजे सावकाश बघून होतं. तिकीट किरकोळ असतं, सुट्टे जवळ ठेवा. अशा छोट्या म्युझियममधे मांडणी बदलायची किंवा दुरुस्ती करायची असली की दालनं बंद ठेवतात, म्हणून लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

3. म्युझियम छोटंसं आहे म्हणे, मग अर्ध्या तासात होईल ना?

चालत फिरायला अर्धा तास पुरेल, हो. पण मी कोणालाही अर्धा दिवस काढूनच या असं सांगतो, कारण इथल्या वस्तू आजूबाजूच्या मातीतनंच निघाल्यात आणि ती माती अजून तिथंच आहे, पाच-दहा मिनिटं चाललं की पायाखाली. मुंबईत एखादी मूर्ती बघताना ती कुठून आणली हे पाटीवर वाचावं लागतं, तेरमधे बाहेर आलं की समोर टेकाड दिसतं.

मला पटलेला क्रम असा. आधी म्युझियम, एक-दीड तास. मग त्रिविक्रम मंदिर (प्रश्न 11), मग नदीकाठी गोरोबाकाकांचं मंदिर (प्रश्न 12), आणि उन्हं उतरल्यावर गावातल्या पांढरीच्या टेकाडांवरून एक चक्कर. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षं घरं पडून, राख-शेण-विटा मिसळून ती पांढुरकी झालेली असते आणि शेताच्या काळ्या मातीत लांबूनही वेगळी दिसते. दुपार म्युझियममधे काढता आली तर उत्तम, एप्रिल-मेमधे मराठवाड्याचं ऊन झेपत नाही. सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

4. लामतुरे कोण? सरकारी म्युझियमला माणसाचं नाव कसं?

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावात पाऊस पडला की टेकाडांवरची माती वाहून जायची आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्यांची डोकी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडायचे. ते बघून लोक उचलायचे, फेकायचे, पोरं खेळायला घ्यायची, विटा घराला लावायचे. या माणसाने ते सगळं जमवलं आणि सांभाळलं. पुढे तो संग्रह सरकारकडे आला आणि आजच्या म्युझियमचा पाया तोच आहे, म्हणून पूर्ण नाव कैलासवासी रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तु संग्रहालय.

याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यातली चांगली म्युझियमं बघितली तर बऱ्याच ठिकाणी मागे असा एखादा स्थानिक माणूस असतो. पैठणचं सरकारी म्युझियम बाळासाहेब पाटलांच्या नावाचं आहे, पुण्याचं केळकर म्युझियम दिनकर केळकरांनी एकेक वस्तू जमवून उभं केलं, औंधचं भवानी म्युझियम तिथल्या पंतप्रतिनिधींनी. लोकांना ती वस्तू मोडीत टाकायच्या लायकीची वाटत होती तेव्हा यांना ती राखण्यासारखी वाटली. तेरला गेलात तर आत शिरताना ते नाव नीट वाचा.

5. आत काय काय आहे? सगळ्यात आधी काय बघू?

मुख्य भर सातवाहन काळावर आहे, म्हणजे ढोबळ मानाने इसवीसनाच्या आधीची दोनेकशे वर्षं आणि नंतरची दोनेकशे वर्षं. लोक हस्तिदंती बाहुली शोधत आत येतात आणि ती बघून बाहेर पडतात. ती बघाच, पण तिच्यासाठी वेगळा प्रश्न आहे (प्रश्न 6), इथं बाकीचं सांगतो.

मातीच्या आणि केओलिनच्या छोट्या मूर्तींपाशी थांबा. केओलिन म्हणजे बारीक पांढरी माती. या मूर्ती दोन साच्यांत केलेल्या असतात, पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या, मग दोन्ही चिकटवून भाजायच्या, त्यामुळे आतून पोकळ. काचेच्या कडेला जाऊन मूर्तीला बाजूने बघितलंत तर कानामागून खाली येणारी सांध्याची रेघ दिसते. समोरून बघणाऱ्याला ती कळतच नाही. आणि केशरचना बघा, बायकांच्या आणि पुरुषांच्याही, अंबाडे, वेण्या, डोक्यावर गुंडाळलेली वस्त्रं, कानातली जड भूषणं. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या गावात माणसं कशी नटायची हे कुठल्या शिलालेखात नाही, ते इथल्या बोटभर डोक्यांवर आहे. डोकं नसलेली, उकिडव्या बसलेल्या देवीची छोटी रूपं पण तेरला सापडलीत, लज्जागौरी म्हणतात तिला, अपत्यप्राप्तीशी जोडलेली देवी आहे, कोणी बरोबरच्या पोरांसमोर लाजू नये, सरळ सांगावं.

मग मणी. तांबडे कार्नेलियनचे, अकीकाचे, काचेचे, मातीचे, शंखाचे. एवढ्या कडक दगडाला केसाएवढं भोक आरपार पाडायचं आणि ते दोन्ही बाजूंनी पाडून मधोमध जुळवायचं, हे काम विचारात घेऊन बघा. शंखाच्या बांगड्या दिसतील, आणि शंख तेरणेत मिळत नाही, तो समुद्राचा. म्हणजे समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब असताना कच्चा माल इथं येत होता आणि इथं तासला जात होता.

नाण्यांमधे शिशाची, पोटीनची आणि तांब्याची सातवाहन नाणी असतात. पोटीन हा तांबं, कथील, शिसं असा मिश्रधातू. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार गोल एकमेकांना क्रॉसने जोडलेले असं चिन्ह दिसलं तर ते ओळखता यायला हवं, त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. झिजलेल्या नाण्यावर ते शोधायचा नाद लागतो.

दगडी कोरीव शिळा बघा, त्यांच्यावरचं काम आंध्रातल्या अमरावतीच्या शैलीचं आहे. तेरमधल्या खोदकामात विटांचा मोठा स्तूप निघाला, इथं बौद्धांची चांगली वस्ती होती. आणि शेवटी उत्तरेश्वर मंदिराची कोरलेली लाकडी चौकट. लाकूड आपल्या हवेत एवढी वर्षं टिकत नाही, वाळवी खाते, जळतं, सरपणात जातं. जुन्या लाकडी देवळांचं काम कसं असायचं हे लेण्यांच्या दगडावरून अंदाजाने सांगावं लागतं, इथं मात्र खरं लाकूड समोर आहे.

6. ती हस्तिदंती बाहुली आणि पॉम्पेईची बाहुली एकच का?

नाही, दोन वेगळ्या आहेत, पण बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. इटलीत पॉम्पेई शहर इसवीसन 79 मधे व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, अंगावर भरपूर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, आणि घडण शंभर टक्के भारतीय. तिला लोक पॉम्पेईची लक्ष्मी म्हणायला लागले, पण ती लक्ष्मीच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, यक्षी किंवा नुसती शृंगार केलेली बाई पण असू शकते. डोक्यात वरून भोक आहे त्यामुळे ती कुठल्यातरी फर्निचरचा नाहीतर आरशाचा भाग असावी असं मानतात.

आधी अभ्यासक म्हणायचे की ही मथुरेकडची असणार. मग तेरची बाहुली पुढे आली, आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला 1970च्या दशकात खोदकाम झालं तिथंही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तेव्हा विचार बदलला. आता पॉम्पेईची मूर्ती दख्खनच्या याच पट्ट्यात, तेर-भोकरदनच्या कारागिरांकडे घडली असावी असं म्हणणारे बरेच आहेत. मला या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट तारखेची वाटते. ज्वालामुखी 79 मधे फुटला, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधी इटलीत पोचलेली होती, याच्यात मागेपुढे करायला जागाच नाही. आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंच्या काळाबद्दल शंभर-शंभर वर्षांचे वाद असतात.

पॉम्पेईची मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममधे आहे. युरोपात राहणारे आपले लोक तिथं जाऊन आले की फोटो पाठवतात, त्यांना माझी एकच विनंती असते की भारतात याल तेव्हा तेरची पण बघा, दोन्ही बघितलेली माणसं फार थोडी आहेत.

7. तेर म्हणजेच ग्रीक पुस्तकातलं तगर हे नक्की कशावरून?

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्र ते भारत या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्याला पेरिप्लस म्हणतात, लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. त्यात म्हटलंय की बारिगाझाच्या, म्हणजे भरूचच्या, दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला 10 दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून माल भरूचला येतो. माल कुठला, तर पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि पूर्व किनाऱ्याकडून तिथं येणाऱ्या वस्तू. टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकाराच्या पुस्तकातही तगर येतं.

आता हे तगर कुठलं यावर पूर्वी बरेच अंदाज झाले, जुन्नर, देवगिरी, धारूर अशी नावं पुढे आली होती. 1901 मधे शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी तेरचं नाव मांडलं, त्याच सुमाराला पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी केली आणि टेकाडं, देवळं, अवशेष नोंदवले. नंतर 1958 मधे आणि पुढेही खोदकामं झाली आणि सातवाहन काळातलं मोठं व्यापारी गाव जमिनीखाली आहे हे दिसलं. शिवाय शिलाहार राजे, जे पुढे कोकण आणि कोल्हापूर भागात राज्य करत होते, ते स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवून घ्यायचे, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य ठाण्याला नाहीतर कोल्हापूरला आणि बिरुद तगरचं, इतका त्या गावाचा मान होता. आज अभ्यासकांमधे तेर हेच तगर हे जवळपास सर्वमान्य आहे.

पैठणच्या पूर्वेला हे वर्णन नकाशावर तंतोतंत बसत नाही, तेर आग्नेयेला येतं. यावरून कोणी वाद घातला तर एवढं लक्षात घ्या की लिहिणारा समुद्रावरचा माणूस, आतल्या मुलखातली माहिती त्याने भरूचच्या बाजारात ऐकलेली असण्याची शक्यता जास्त.

8. मग तेरला रोमन लोक राहायचे का?

असं बिनधास्त लिहिलेलं खूप ठिकाणी सापडतं आणि ते मला खटकतं. व्यापार होता हे पक्कं, पण व्यापार असला म्हणजे वसाहत असते असं नाही. तेरला नाण्याची नक्कल केलेले मातीचे बिल्ले सापडलेत, वर अडकवायला कडी असते, म्हणजे रोमन नाण्याचा छाप घेऊन इथल्याच माणसाने इथल्याच मातीचा दागिना केला आणि गळ्यात घातला. हा रोमन माणूस तेरला आल्याचा पुरावा होत नाही. तेरच्या माणसाला रोमन नाणं माहीत होतं आणि ते त्याला आवडलं होतं एवढा मात्र नक्की होतो, आणि मला वाटतं ही गोष्ट जास्त मोठी आहे.

दारूच्या आणि तेलाच्या उंच रोमन भांड्यांचंही तसंच. भारतात रोमन म्हणून नोंदवलेल्या अनेक तुकड्यांची नंतर परत तपासणी झाली तेव्हा त्यातले बरेच मेसोपोटेमियाकडच्या भांड्यांचे निघाले. म्हणून कुठल्याही गावच्या म्युझियममधे पाटीवर रोमन लिहिलेलं दिसलं की ती वस्तू रोमहून आली, की रोमन पद्धतीची इथं केली, की मधल्या मुलखातली, हे तीन प्रश्न मनात ठेवा. असाच प्रश्न कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधे ब्रह्मपुरीच्या टेकाडावर मिळालेल्या वस्तू बघताना येतो, तिथं ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे, आणि ती मात्र खरोखर बाहेरून आलेली.

9. पाट्या वाचून काही कळत नाही, काय करू?

पाट्या थोडक्यात असतात हे खरं आहे. काही शब्द आधी माहीत असले की निम्मं काम होतं. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. केओलिन आणि पोटीन वर सांगितलंय (प्रश्न 5). तांबडी झिलईदार भांडी म्हणजे भाजण्याआधी वर बारीक लाल मातीचा थर देऊन घोटून चकचकीत केलेली. इ.स.पू. 1 ले शतक म्हणजे इसवीसनाच्या आधीची शंभर वर्षं, आणि तिथं आकडा जितका मोठा तितकं जुनं, इ.स.पू. 3 रे हे इ.स.पू. 1 ल्याच्या आधी, यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. गावाकडच्या म्युझियमचा हा खरा फायदा आहे, शिपाई नाहीतर चौकीदार बहुतेक वेळा आसपासचाच असतो, कुठली वस्तू कुठल्या टेकाडावरची हे त्याला ऐकून माहीत असतं. त्यांना अदबीने काका-मामा करून विचारलंत तर पाटीवर नसलेलं बरंच कळतं. ऐकीव माहिती आणि खोदकामातली माहिती यात फरक असतो तेवढा मात्र लक्षात ठेवा.

10. इतकं मौल्यवान आहे तर मुंबईच्या म्युझियममधे का नेत नाहीत? तिथं लाखो लोक बघतील.

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारतात हे मला माहितीय, पण माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नये. मुंबईत ती हस्तिदंती बाहुली एका काचेच्या पेटीत शेकडो पेट्यांमधली एक होईल. तेरमधे ती त्या गावाची आहे. तेरच्या शाळेतलं पोरगं म्युझियममधे येतं, मणी बघतं, घरी जाऊन सांगतं की आपल्या वावरात पण असाच आहे, आणि मग घरातलं कोणीतरी तो आणून देतं. हे होतं तोपर्यंत टेकाड जिवंत राहतं. वस्तू गेली की लोकांचा संबंध तुटतो, मग जेसीबी आला तरी कोणाला वाईट वाटत नाही.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. हस्तिदंत, लाकूड, लोखंड या गोष्टी हवेतल्या ओलाव्याने आणि उन्हाच्या तडाख्याने खराब होतात, त्याला चांगल्या पेट्या, चांगलं लायटिंग, जाणकार माणूस लागतो. ते सगळं तेरला आणावं, त्यासाठी पैसे द्यावेत, आणि आपण प्रवासी म्हणून गेलो तर अभिप्रायाच्या वहीत तसं लिहावं. वहीत नुसतं छान आहे लिहू नका, काय हवं ते लिहा.

11. त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध होतं का?

वाद आहे आणि अजून मिटलेला नाही. मंदिराचा गाभाऱ्याकडचा भाग विटांचा आहे, मागून अर्धगोल आणि वर पिंपासारखं लांबट गोलसर छत, अगदी लेण्यांमधल्या चैत्यगृहासारखं, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनासारखं, फक्त इथं ते डोंगरात न खोदता बांधलेलं आहे. असं बांधलेलं उभं राहिलेलं भारतात फार थोडं उरलंय, आंध्रातल्या चेझर्ल्याचं एक नाव नेहमी जोडीला घेतात. कझिन्स यांचं मत होतं की हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, नंतर वैष्णव मंदिर झालं. दुसरे अभ्यासक म्हणतात की त्या काळात हिंदू देवळंही या आकाराची बांधत, त्यामुळे नुसत्या आकारावरून बौद्ध ठरवता येत नाही. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे यावर मात्र फारसा वाद नाही. आत तीन पावलांत जग व्यापणारा त्रिविक्रम विष्णू आहे आणि रोज पूजा होते, तेव्हा चप्पल काढून, आवाज कमी ठेवून बघा.

विटांबद्दल पण सारखं विचारतात. तेरच्या जुन्या देवळांच्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, हे खरं आहे. मातीत भुसा-तूस मिसळलं की भाजताना ते जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. उंच छतावर वजन कमी पडावं म्हणून हे केलेलं. कृपा करून तपासून बघायला देवळाची वीट काढू नका, लोकांनी हे केलेलं आहे म्हणून सांगतोय.

12. गोरा कुंभारांचं तेर हेच का?

हेच. गोरोबाकाका इथले, समाधी मंदिर नदीकाठी आहे, शके 1239 म्हणजे इसवीसन 1317 मधे चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला असं परंपरा सांगते आणि त्या दिवशी यात्रा भरते. थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणतं मडकं कच्चं ते बघितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ती गोष्ट इथलीच सांगतात. यात्रेच्या दिवसांत गाव भरलेलं असतं, दर्शनाला जायचं असेल तर तेव्हा जरूर जा, म्युझियम शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस सोडा.

म्युझियममधली मातीची कामं बघून इथं आलात की मनात येतंच, की या गावात कुंभारकाम गोरोबांच्याही हजारेक वर्षं आधीपासून एवढ्या वरच्या दर्जाचं चाललेलं होतं.

13. लहान मुलं कंटाळतील का?

नुसती फिरवली तर दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना शोधायला काम द्या. हत्ती असलेलं नाणं शोध, बाहुलीच्या बाजूची सांध्याची रेघ शोध, सगळ्यात मोठा अंबाडा कोणाचा ते सांग, समुद्रातून आलेली वस्तू कुठली ते ओळख. जवळ वही-पेन्सिल द्या आणि एकच वस्तू काढायला सांगा, काढायला बसलं की मूल दहा पट जास्त बघतं. सातवीच्या पुढच्या मुलांना प्रश्न 8 मधला बिल्ल्याचा किस्सा सांगा, तो त्यांना बरोबर समजतो.

14. फोटो काढू देतात का?

दारातच विचारा आणि जे सांगतील ते पाळा, परवानगी आणि त्याची फी हे नियम बदलत असतात. दिली परवानगी तरी फ्लॅश बंद, पेटीला टेकायचं नाही, आणि हस्तिदंताच्या पेटीवर मोबाईलचा टॉर्च तर मुळीच मारायचा नाही. फोटो टाकताना ठिकाण म्हणून तेरचं म्युझियम लिहा. नुसती सातवाहन मूर्ती म्हणून टाकलेला फोटो पुढे दहा ठिकाणी फिरतो आणि शेवटी त्याच्याखाली दुसऱ्याच गावाचं नाव लागलेलं असतं.

15. टेकाडावर फिरताना एक मणी सापडला, ठेवला तर चालेल का? एक तर आहे.

नाही. आणि एक तर आहे हे म्हणणारे फार जण असतात.

कायद्याचं आधी. शंभर वर्षांपेक्षा जुनी माणसाने केलेली वस्तू ही 1972 च्या कायद्याने पुराणवस्तू, हस्तलिखिताला ही मर्यादा 75 वर्षांची. जमिनीत सापडलेला ठेवा 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचा असतो. परवान्याशिवाय पुराणवस्तूंचा धंदा करणं गुन्हा, आणि देशाबाहेर नेणं तर त्याहून गंभीर, त्यामुळे परदेशातून आलेल्या नातेवाइकांना आठवण म्हणून देणं हा विचारही करू नका.

पण कायदा बाजूला ठेवला तरी नको. मणी जिथं पडलाय तिथं तो काहीतरी सांगतो, त्याच्या शेजारी दगडाचे बारीक कपचे असतील तर तिथं मणी करायचा कारखाना असू शकतो. तुमच्या खिशात गेला की तो फक्त एक मणी. दिसला तर हात न लावता फोटो काढा, शेजारी पेन नाहीतर नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, जागा लक्षात ठेवा आणि म्युझियममधे जाऊन सांगा. स्वतःच्या शेतात नांगरताना मोठं काही लागलं, मूर्ती, भिंत, नाण्यांचं गाडगं, तर तिथलं काम थांबवून तलाठी किंवा तहसीलला कळवा. शेत सरकार घेईल या भीतीने लोक गप्प बसतात, पण कळवल्यामुळे जमिनीची मालकी आपोआप जात नाही.

16. आजोबांच्या पेटीत जुनी नाणी आणि एक पितळी मूर्ती आहे, म्युझियमला देता येईल का? विकता येईल का?

घरात वारसाने आलेली वस्तू ठेवणं गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करतो, नाहीतर लोक घाबरून वितळवून टाकतात. मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिची नोंदणी करावी लागते, दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत यातल्या मूर्ती, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांना ती सक्तीची आहे आणि ती भारतीय पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते. सुट्या नाण्यांना अशी सक्ती नाही. विकण्याबद्दल प्रश्न 15 वाचा आणि ऑनलाइन टाकायच्या आधी दोनदा विचार करा.

म्युझियमला द्यायचं असेल तर वस्तू पिशवीत घालून थेट जाऊ नका. आधी फोटो आणि एक साधं पत्र द्या, वस्तू कोणाची, कुठल्या गावात, कशी आली, घरात तिच्याबद्दल काय सांगतात. ही माहिती वस्तूइतकीच महत्त्वाची असते, आणि आजी हयात असतील तर आजच विचारून लिहून ठेवा. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका, चिंच लावून तर अजिबात नको, नाण्यावरची अक्षरं त्यानेच जातात. प्रत्येक म्युझियम प्रत्येक वस्तू घेतंच असं नाही, जागा आणि विषय बघतात, नाही म्हटलं तर रागावू नका. दिलीत तर पोचपावती घ्या आणि घरच्या कागदांत जपून ठेवा.

17. मी विद्यार्थी आहे, वस्तू हातात घेऊन अभ्यास करायचाय, परवानगी कुठून मिळते?

तेरला जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांकडे हट्ट करू नका, पेटी उघडायचा अधिकार त्यांच्या हातात नसतो. संचालनालयाचं मुख्य ऑफिस मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे, तिथं कॉलेजच्या किंवा गाइडच्या पत्रासह लेखी अर्ज करायचा. अर्जात नेमक्या कुठल्या वस्तू, काय मोजणार, फोटो लागणार का, किती दिवस, हे स्पष्ट लिहा, तेरचा अभ्यास करायचाय असा मोघम अर्ज पडून राहतो. उत्तराला वेळ लागतो, तो धरूनच वेळापत्रक करा. अर्ज करायच्या आधी डेक्कन कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन खोदकामाचे छापील अहवाल वाचा, म्हणजे काय मागायचं ते कळेल.

18. तेर आम्हाला फार लांब आहे. आमच्या जिल्ह्यात असं काही आहे का?

बघा, असण्याची शक्यता चांगली आहे. याच खात्याची म्युझियमं पैठण, छत्रपती संभाजीनगर, माहूर, सिंदखेडराजा, नागपूर, सातारा, औंध, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीला आहेत. त्याशिवाय धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. आणि ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात अशा शाळेतल्या, वाचनालयातल्या, देवळाच्या ओवरीतल्या छोट्या संग्रहांबद्दल गावातल्या इतिहासाच्या मास्तरांना विचारा. सातवाहन काळच बघायचा असेल तर पहिलं पैठण करा, कारण पेरिप्लसच्या वाटेवर तेरच्या आधीचा मुक्काम तोच आहे, आणि सोमवार टाळा.